गणवेश उतरविण्यापूर्वी : सैनिकाचा शिक्षणहक्क आणि त्याची मुले

सैनिकाची निवृत्ती आणि इतर नोकरदाराची निवृत्ती यांत एक मोठा फरक आहे. कचेरीतील नोकरदार बहुधा मुलांची शिक्षणे आटोपल्यावर निवृत्त होतो. सैनिक मात्र पुष्कळदा चाळिशीच्या आसपास, किंवा त्याही आधी, सेवेतून बाहेर पडतो. त्या वेळी त्याची मुले शाळेत असतात आणि महाविद्यालयाचा खर्च पुढे उभा असतो. नियमित पगार थांबलेला, दुसऱ्या व्यवसायात अद्याप जम बसलेला नाही, अशा काळात त्याच्या मुलांच्या शिक्षणाची तजवीज कशी व्हावी, हा प्रश्न मोठे सैन्य बाळगणाऱ्या प्रत्येक राष्ट्रापुढे असतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले आहे, ते अभ्यासण्याजोगे आहे. तेथील सैनिकाला सेवेच्या मोबदल्यात उच्च शिक्षणाचा हक्क मिळतो, आणि तो त्याने स्वतः न वापरता पत्नीच्या अथवा मुलांच्या नावे करावा, अशी मुभा कायद्याने दिली आहे. या मुभेला एक कडक अट आहे : हस्तांतरणाचा अर्ज सैनिक सेवेत असतानाच झाला पाहिजे. वीस वर्षे निष्कलंक सेवा केलेल्या सैनिकानेही निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवशी अर्ज केला, तर तो स्वीकारला जात नाही. ही अट का घालण्यात आली, तिचे परिणाम काय होतात आणि आपल्याकडे सैनिकांच्या कुटुंबांशी संबंध येणाऱ्यांनी त्यापासून काय बोध घ्यावा, याचा विचार या लेखात केला आहे.

हक्काचा उगम

या हक्काच्या मागे एक कटू अनुभव आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९२४ च्या कायद्याने अधिक मोबदल्याची प्रमाणपत्रे देण्यात आली. परंतु त्यांची पूर्ण रक्कम १९४५ साली मिळावयाची होती. मधल्या काळात जागतिक मंदी आली. १९३२ मध्ये हजारो बेकार माजी सैनिक ही रक्कम तत्काळ मिळावी म्हणून वॉशिंग्टन येथे येऊन राहिले आणि त्या वर्षीच्या जुलैमध्ये त्यांना लष्कराकरवी तेथून हटविण्यात आले. ज्यांनी देशासाठी शस्त्र धरले, त्यांच्यावरच शस्त्र रोखण्याचा प्रसंग आला, ही गोष्ट तेथील जनता विसरली नाही.

म्हणूनच दुसरे महायुद्ध चालू असतानाच, २२ जून १९४४ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. अमेरिकन सैनिकाला बोलीभाषेत ‘जी. आय.’ म्हणतात, त्यावरून हा कायदा ‘जी. आय. बिल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यात शिक्षण, घरासाठी कर्ज आणि बेकारी भत्ता अशा तरतुदी होत्या. शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क आणि दरमहा निर्वाहभत्ता देण्यात येत असे. त्या युद्धातील सुमारे १ कोटी ६० लाख माजी सैनिकांपैकी जवळजवळ ७८ लाखांनी शिक्षण वा प्रशिक्षणाचा लाभ घेतला. त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत व विद्यापीठांत गेले.

या यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कायद्यात वर्णभेद नव्हता. परंतु अंमलबजावणी बऱ्याच अंशी स्थानिक कार्यालये, बँका आणि शिक्षणसंस्था यांच्या हाती होती. विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय माजी सैनिकांपैकी अनेकांना महाविद्यालयाचे दार बंद आढळले. हक्क कागदावर असणे आणि तो हाती पडणे यांत अंतर असते, आणि ते अंतर बहुधा गावपातळीवरील कचेरीतच निर्माण होते वा मिटते.

सैनिकाकडून मुलांकडे

१९४४ चा हक्क सैनिकाचा स्वतःचा होता. तरुण वयात युद्धावर गेल्याने ज्याचे शिक्षण खुंटले, त्याने ते पुरे करावे, एवढाच त्यामागे हेतू होता. १९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती थांबली आणि परिस्थिती पालटली. सैन्य स्वेच्छेने येणाऱ्यांवर अवलंबून राहू लागले. तरुणांना सैन्याकडे आकर्षित करणे आणि प्रशिक्षित सैनिकाला टिकवून धरणे, हे शिक्षणलाभाचे नवे उद्दिष्ट झाले. मिसिसिपी राज्याचे प्रतिनिधी माँटगोमेरी यांच्या नावाने ओळखला जाणारा १९८४ चा कायदा याच विचारातून आला. त्यात सैनिकाच्या पहिल्या वर्षाच्या वेतनातून दरमहा १०० डॉलर, म्हणजे एकूण १,२०० डॉलर, कापून घेतले जात. त्यानंतर आर्थिक वर्ष २००२ च्या संरक्षणविषयक कायद्याने, सैन्याला ज्यांची विशेष निकड आहे अशा कुशल सैनिकांना आपल्या हक्कापैकी १८ महिन्यांपर्यंतचा भाग कुटुंबीयांना देण्याची मर्यादित मुभा मिळाली.

आजची व्यापक तरतूद २००८ च्या कायद्यातील आहे. व्हिएतनाम युद्धात लढलेले सिनेटर जिम वेब यांनी ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सैनिकांसाठी हा कायदा पुढे आणला. ३० जून २००८ रोजी अध्यक्ष बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि १ ऑगस्ट २००९ पासून तो अंमलात आला. विधेयकावर चर्चा चालू असताना संरक्षण खात्याने एक भीती व्यक्त केली होती. शिक्षणाचा लाभ इतका उदार असेल, तर तो घेण्यासाठी सैनिक सेवा सोडून जातील, असे खात्याचे म्हणणे होते. त्यावर तोडगा म्हणून हस्तांतरणाची तरतूद घालण्यात आली. स्वतः शिकावयाचे असेल तर सैनिकाने सेवा संपवून जावे. मुलांना शिकवावयाचे असेल तर सेवेत राहावे, असा हा हिशेब आहे.

निवृत्तीपूर्वीच अर्ज करण्याची अट का आहे, याचे उत्तर येथे मिळते. हस्तांतरण ही माजी सैनिकाच्या कल्याणाची योजना नसून सेवेत राहण्याचा मोबदला आहे. जो सेवेतून गेला, त्याला राहण्याचा मोबदला देण्याचे कारण उरत नाही, असा कायद्याचा रोख आहे. १ ऑगस्ट २००९ पूर्वी ज्यांनी सेवा सोडली होती, त्यांनाही याच कारणाने मुलांच्या नावे हक्क करून देता आला नाही.

हक्काचे स्वरूप

पूर्ण हक्क ३६ महिन्यांचा असतो. अमेरिकन महाविद्यालयाचे शैक्षणिक वर्ष साधारणपणे नऊ महिन्यांचे धरले, तर ३६ महिने म्हणजे चार शैक्षणिक वर्षे होतात, आणि तेवढ्यात पदवी पूर्ण होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर एकूण ३६ महिने सक्रिय सेवा झालेल्यास शंभर टक्के लाभ मिळतो. सेवा कमी असल्यास लाभाचे प्रमाणही कमी होते. पूर्ण लाभात सरकारी विद्यापीठांतील त्या राज्याच्या रहिवाशांना लागू असलेले संपूर्ण शुल्क, दरमहा निवासभत्ता आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत रक्कम यांचा समावेश होतो. खासगी संस्थांच्या शुल्काला वार्षिक कमाल मर्यादा आहे.

हे ३६ महिने सैनिकाला हवे तसे वाटता येतात. काही स्वतःसाठी ठेवावेत, काही पत्नीला द्यावेत, काही मुलांना द्यावेत. अथवा सर्वच्या सर्व एका मुलाला द्यावेत. मात्र एकूण बेरीज ३६ च्या वर जात नाही. तीन मुले असली म्हणून हक्क तिप्पट होत नाही.

हस्तांतरणाच्या मुख्य अटी

१. अर्जाच्या वेळी सैनिक सक्रिय सेवेत अथवा निवडक राखीव दलात असला पाहिजे.

२. त्याची किमान सहा वर्षे सेवा झालेली असली पाहिजे, आणि अर्जाच्या दिवसापासून आणखी चार वर्षे सेवा करण्याचे त्याने मान्य केले पाहिजे. तशी सेवा करण्यास तो नियमांनुसार पात्रही असला पाहिजे.

३. ज्यांच्या नावे हक्क करावयाचा, त्या पत्नीची अथवा मुलांची नावे संरक्षण खात्याच्या आश्रितांच्या नोंदवहीत आधी दाखल झालेली असली पाहिजेत.

४. पत्नीला हस्तांतरित हक्काचा वापर लगेच सुरू करता येतो. मुलाच्या बाबतीत मात्र सैनिकाची दहा वर्षे सेवा पूर्ण व्हावी लागते. मुलाने माध्यमिक शाळेचे शिक्षण पुरे केलेले असावे अथवा त्याला अठरा वर्षे झालेली असावीत. सर्वसाधारणपणे वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत त्याने हक्क वापरावयाचा असतो.

५. युद्धात जखमी होऊन ‘पर्पल हार्ट’ पदक मिळालेल्या सैनिकाला सेवाकालाच्या अटीतून सूट आहे. परंतु अर्ज सेवेत असतानाच करण्याची अट त्यालाही चुकत नाही.

मुलाचा विवाह झाला म्हणून त्याचा हक्क जात नाही. पतिपत्नीचा घटस्फोट झाल्यास न्यायालयाला हा हक्क वैवाहिक मालमत्ता समजून वाटून देता येत नाही. दिलेले महिने कमी करण्याचा अथवा परत घेण्याचा अधिकार सैनिकाकडेच राहतो.

दोन खाती आणि मधला उंबरठा

या योजनेत दोन खात्यांचा संबंध येतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण बहुतेक घोटाळा येथेच होतो. हस्तांतरणास मंजुरी देणे हे संरक्षण खात्याचे काम आहे. पैसे देणे हे माजी सैनिक व्यवहार खात्याचे काम आहे. सैनिकाने सेवेत असताना संरक्षण खात्याकडे अर्ज करून मंजुरी मिळवावयाची, आणि यथाकाल मुलाने माजी सैनिक व्यवहार खात्याकडे स्वतंत्र अर्ज करून लाभ घ्यावयाचा, असा क्रम आहे.

निवृत्त झालेला सैनिक शिक्षणलाभाविषयी स्वाभाविकपणे माजी सैनिक व्यवहार खात्याकडे जातो, कारण आता त्याचा संबंध त्याच खात्याशी असतो. तेथील अधिकारी त्याला लाभाची माहिती देईल, त्याच्या स्वतःच्या शिक्षणाचा अर्ज घेईल. परंतु मुलांच्या नावे हक्क करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला नाही. ज्या खात्याला तो अधिकार आहे, त्या खात्याचा हा सैनिक आता सेवक राहिलेला नाही. हक्क शाबूत असतो, मुलेही असतात. परंतु दोहोंना जोडणारे दार मागे बंद झालेले असते.

एका उदाहरणाने हिशेब

समजा, एक तरुण अठराव्या वर्षी सैन्यात दाखल झाला. त्याची दहा वर्षे सेवा झाली तेव्हा त्याला चार वर्षांची मुलगी आहे. त्याने त्याच वेळी अर्ज केला, तर त्याच्यावर चौदाव्या वर्षापर्यंत सेवेचे बंधन येईल. वीस वर्षे सेवा करून निवृत्तिवेतन घ्यावे, असा त्याचा मूळ बेत असेल, तर या चार वर्षांनी त्याच्यावर वेगळा भार पडत नाही. ती वर्षे तो एरवीही काढणारच होता. अडतिसाव्या वर्षी तो निवृत्त होईल तेव्हा मुलगी चौदा वर्षांची असेल, आणि आणखी चार वर्षांनी तिच्या महाविद्यालयाचा खर्च आधीच बांधलेला असेल.

तोच सैनिक “मुलगी अजून लहान आहे, पुढे पाहू” असे म्हणत अठरा वर्षे सेवा होईपर्यंत थांबला, तर अर्जानंतर त्याला बावीस वर्षांपर्यंत सेवा करावी लागेल. ठरविलेली निवृत्ती दोन वर्षे लांबवावयाची की मुलीचा हक्क सोडावयाचा, असा पेच त्याच्यापुढे उभा राहील. आणि तो निवृत्तीच्या दिवसापर्यंत थांबला, तर हाच हक्क फक्त त्याच्या स्वतःच्या शिक्षणापुरता उरेल. तिन्ही प्रसंगी सेवा तीच, मुलगी तीच. फरक केवळ अर्जाच्या तारखेचा.

एका महिन्याचे महत्त्व

मुले लहान असताना कोण किती शिकेल, हे आईबापांना सांगता येत नाही. कायद्याने याची सोय ठेवली आहे. ज्या मुलाला सेवेत असताना निदान एक महिना दिला आहे, त्याच्या वाट्यात निवृत्तीनंतरही वाढ अथवा घट करता येते. ज्याला एकही महिना दिलेला नाही, त्याचे नाव निवृत्तीनंतर नव्याने घालता येत नाही. म्हणून जाणकार मंडळी सैनिकांना सल्ला देतात की, प्रत्येक पात्र मुलाच्या नावे किमान एक महिना नोंदवून ठेवावा. पुढील वाटणी वेळ येईल तशी करावी.

यात एक उणीव राहते, ती सांगितली पाहिजे. निवृत्तीनंतर जन्मलेल्या मुलाला या मार्गाने काहीच मिळू शकत नाही. आधीच्या भावंडाने पित्याच्या हक्कातून पदवी घ्यावी आणि धाकट्याने मात्र घेऊ नये, असे एकाच घरात घडू शकते.

कबूल केलेली सेवा पूर्ण न झाल्यास

चार वर्षांचे बंधन केवळ कागदोपत्री नाही. ते पूर्ण न करता सैनिक आपण होऊन सेवेतून गेला, तर हस्तांतरण रद्द होते, आणि मुलाने तोवर वापरलेला लाभ जादा दिलेली रक्कम समजून वसूल करण्यात येतो. मृत्यू, सेवेमुळे आलेले अपंगत्व किंवा सैन्यकपात यांसारख्या कारणांनी सेवा खंडित झाल्यास अशी वसुली होत नाही. सबब, अर्जावर स्वाक्षरी करण्यापूर्वी बंधन कोणत्या तारखेस संपते ते लिहून घेणे आणि मंजुरीपत्राची प्रत घरी जपून ठेवणे, ही दोन कामे प्रत्येक सैनिकाने करावयास हवीत.

सेवेत असताना कर्तव्यावर मृत्यू आलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था आहे. २००६ मध्ये इराकमध्ये मरण पावलेले मरीन दलाचे गनरी सार्जंट जॉन डेव्हिड फ्राय यांच्या नावाने ही शिष्यवृत्ती दिली जाते. तिच्यासाठी पित्याने हस्तांतरण केलेले असण्याची आवश्यकता नाही.

२०१७ च्या कायद्याने, १ जानेवारी २०१३ रोजी वा त्यानंतर सेवामुक्त झालेल्यांना असलेली पंधरा वर्षांची कालमर्यादा काढून टाकण्यात आली. हस्तांतरित हक्क वापरण्यापूर्वी मुलाचा मृत्यू झाल्यास तो दुसऱ्या आश्रिताला देण्याची सोयही त्याच कायद्याने झाली. कायदा असा वेळोवेळी उदार होत गेला. मात्र अर्ज सेवेत असतानाच करावयाचा, हे मूळ सूत्र बदललेले नाही.

आपल्याकडे काय घ्यावे ?

आपल्या देशातील व्यवस्था निराळ्या तत्त्वावर उभी आहे. येथे सैनिकाच्या नावे महिन्यांचा साठा होत नाही आणि म्हणून त्याच्या हस्तांतरणाचाही प्रश्न येत नाही. साहाय्य थेट मुलांना दिले जाते. केंद्रीय सैनिक मंडळामार्फत २००६-०७ पासून चालविली जाणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना हे त्याचे ठळक उदाहरण होय. अधिकारी दर्जाखालील माजी सैनिकांच्या व्यावसायिक पदवी अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलामुलींना ही शिष्यवृत्ती मिळते. २०१९ मध्ये तिचे दर मुलींसाठी दरमहा ३,००० रुपये व मुलांसाठी २,५०० रुपये असे वाढविण्यात आले. आपल्या राज्यात सैनिक कल्याण विभाग आणि त्याची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये अशा योजनांचे मार्गदर्शन करतात आणि सैनिकांच्या पाल्यांसाठी वसतिगृहेही चालवितात.

तरीही अमेरिकन अनुभवातील धडा आपल्याला लागू पडतो. आपल्याकडेही काही कामे गणवेश अंगावर असतानाच सहज होतात आणि नंतर ती कष्टाची होऊन बसतात. त्यांतील पहिले काम मुलांच्या नोंदीचे. सैनिकाच्या मुलाचा जन्म झाला की त्याची नोंद पलटणीच्या कार्यालयात ‘पार्ट-टू ऑर्डर’ने सेवापत्रकात व्हावी लागते. ही नोंद राहून गेली, किंवा नावात अथवा जन्मतारखेत चूक झाली, तर निवृत्तीनंतर दुरुस्तीसाठी अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान असेल, तर गावाकडून बेळगावच्या अभिलेख कार्यालयापर्यंत कागद पोहोचून परत येईतो शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत निघून जाऊ शकते. नुकसान होते ते मुलाचे, आणि चूक असते एखाद्या अक्षराची.

ही चूक पुष्कळदा गावातच जन्म घेते. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत एक नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये दुसरे आणि सेवापत्रकात तिसरे, असे घडते. पित्याचे नाव कोठे पूर्ण, तर कोठे घरगुती असते. आई माहेरच्या नावाने नोंदलेली असते. जवान सीमेवर असल्याने या नोंदी आजी-आजोबांच्या सांगण्यावरून होतात, आणि रजेवर आलेल्या जवानाला त्या पडताळून पाहण्यास सवड नसते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शाळाप्रवेशादी कामांसाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा मानला जातो. त्यामुळे ग्रामपंचायतीतील ती एक ओळ पूर्वीपेक्षा अधिक मोलाची झाली आहे.

या दृष्टीने तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील सेवारत सैनिकांची यादी करून, त्यांच्या मुलांचे जन्मदाखले त्यांच्या कुटुंबियांच्या हाती आहेत की नाहीत, याची वर्षातून एकदा विचारपूस करावी. शिक्षकांनी सैनिकाच्या पाल्याचे नाव दाखल करताना जन्मदाखला आणि सेवापत्रकातील नाव यांचा मेळ घालून पाहावा. अधिकाऱ्यांनी, निवृत्तीला एखादे वर्ष उरलेला जवान रजेवर आला असता त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा रस्ता दाखवावा. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी यांसारख्या गावांत, जेथे सैनिकी परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, अनुभवी माजी सैनिकांनी नव्यांना ही शिकवण देणे अवघड नाही. जेथे गावातून एखादाच तरुण सैन्यात गेला आहे, तेथे मात्र सांगणारे कोणी नसते. तेथे हे काम पंचायतीने आणि शाळेनेच करावयास हवे.

अमेरिकन सैनिकाला आपल्या मुलीसाठी एक अर्ज वेळेवर करावयाचा असतो. आपल्या जवानाला एक नोंद वेळेवर आणि बिनचूक करून घ्यावयाची असते. तो घरापासून दूर असतो. म्हणून त्याच्या वतीने ती आठवण ठेवणे हे त्याच्या गावाचे काम आहे. गणवेश उतरविण्याचा दिवस प्रत्येक सैनिकाच्या आयुष्यात येतो. त्या दिवशी त्याच्या मुलांचे कागद पुरे असावेत, एवढी काळजी आपण घेतली, तर ती त्याच्या सेवेची कृतज्ञता ठरेल.